भांडी बाजारातील दुकानाचे संकेतस्थळ दुरुस्त करताना

नाशिकच्या भांडी बाजारात माझ्या काकांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे आणि गेली काही वर्षे त्याचे एक संकेतस्थळही आहे. त्यावर माणसे येत होती. काही गूगलवर शोधून येत, काही इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींवरून येत आणि त्या जाहिरातींवर दरमहा पैसे खर्च होत. पण आलेली बहुतेक माणसे क्षणभर डोकावून परत जात होती. याच्या कारणाबद्दल घरात दोन मते होती. काकांचे म्हणणे असे की लोकांना आता तांबे-पितळ नकोच आहे, घासायचा कंटाळा येतो. चुलतभावाचे, म्हणजे दादाचे म्हणणे असे की संकेतस्थळ जुनाट दिसते, ते संपूर्ण नव्याने करून घ्यावे. त्यासाठी त्याने एक अंदाजपत्रकही मागवले होते. मी एका कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर-चाचणीचे काम करते, म्हणून ते अंदाजपत्रक वाचायला माझ्याकडे आले. त्यात रंगसंगती होती, नवे बोधचिन्ह होते, हलणारी चित्रे होती. माणसे का निघून जातात, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. मी काम अंगावर घेतले आणि एकच अट घातली : माणसे नेमकी कुठून आणि कशामुळे परत फिरतात हे कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

सुरुवात आकड्यांपासून केली. संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये आता ज्याला ‘बाउन्स’ म्हणतात त्याची व्याख्या ठरलेली आहे. आलेला माणूस १० सेकंदांपेक्षा अधिक थांबला नाही, त्याने दुसरे पान उघडले नाही आणि आपण महत्त्वाची म्हणून नोंदवलेली एखादी कृतीही केली नाही, तर ती भेट बाउन्स धरली जाते. येथे एक मेख आहे. एखाद्याने पान उघडले, फोन नंबर पाहिला आणि आठव्या सेकंदाला दुकानात फोन लावला, तर दुकानाच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला ग्राहक असतो. पण फोन नंबरावरचा स्पर्श महत्त्वाची कृती म्हणून नोंदवलेला नसेल, तर आकडेवारीत तो ‘पळालेला’ दिसतो. आमच्याकडे तशी नोंद नव्हती. ती आधी सुरू केली, काही आठवडे जाऊ दिले आणि मगच आकड्यांवर विश्वास ठेवला. त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. संगणकावरून येणारी माणसे बऱ्यापैकी थांबत होती, मोबाइलवरून येणारी थांबत नव्हती, आणि येणाऱ्यांत मोबाइलवाल्यांचीच संख्या फार मोठी होती. दुसरे असे की जे थोडे लोक एखादे भांडे निवडून खरेदीपर्यंत पोचत, ते पत्त्याच्या पानावर अचानक थांबत.

गळती कोठे आहे ते आकडे दाखवतात, ती का आहे ते सांगत नाहीत. त्यासाठी माणसांना संकेतस्थळ वापरताना शेजारी बसून पाहावे लागते. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली असे मांडले होते की अशा चाचणीला पाच माणसे घेतली तरी बहुतेक ढोबळ अडचणी उघड होतात, आणि आमच्यासारख्या लहान दुकानाला तेवढेच परवडण्यासारखे होते. पंचवटीत पौरोहित्य करणारे एक गुरुजी, आमच्या इमारतीतले निवृत्त शिक्षक, गंगापूर रोडवरच्या एका उपाहारगृहाची खरेदी पाहणारा तरुण, पुण्याची मावसबहीण आणि स्वतः काकू, अशी माणसे मिळाली. प्रत्येकाने आपलाच मोबाइल वापरायचा, दुकानातल्या वायफायवर नव्हे तर स्वतःच्या डेटावर, असा नियम ठेवला. काम सांगतानाही काळजी घ्यावी लागते. ‘पूजा विभागात जाऊन ताम्हण शोधा’ असे म्हटले की उत्तरच सांगितल्यासारखे होते. म्हणून ‘मुंजीसाठी संध्येची भांडी हवी आहेत, ती मागवा’ एवढेच सांगायचे आणि गप्प बसायचे. हे गप्प बसणे फार कठीण असते. काकांना ते जमलेच नाही. “अहो गुरुजी, वर उजवीकडे बघा ना,” असे ते दर मिनिटाला म्हणू लागले, तेव्हा त्यांना गल्ल्यावर परत पाठवावे लागले.

गुरुजींचे सुरुवातीचे तीन-चार प्रयत्न मी विसरू शकत नाही. वरच्या यादीत ‘हेरिटेज’, ‘वेलनेस’, ‘डिव्हाइन’ आणि ‘सिग्नेचर’ असे चार विभाग होते. गुरुजींनी ‘हेरिटेज’ उघडले, तेथे बंब आणि घंगाळी निघाली. मग ‘सिग्नेचर’ उघडले, तेथे ठोक्याच्या बाटल्या. ‘डिव्हाइन’कडे त्यांचे लक्षच गेले नाही, आणि ताम्हण, पळी, पंचपात्री तेथेच होती. दुकानात कोणी आले तर काका कधीही ‘डिव्हाइन दाखवू का?’ असे विचारत नाहीत. पाण्याची भांडी, पूजेची भांडी, स्वयंपाकाची भांडी, रुखवताची भांडी अशीच फडताळांची विभागणी आहे. ती विभागणी जशीच्या तशी संकेतस्थळावर आणली. या एका बदलाला खर्च शून्य आला आणि त्याच्या परिणामापुढे पुढच्या कित्येक तांत्रिक दुरुस्त्या फिक्या पडल्या. शोधाच्या खिडकीचेही तसेच. ‘तांब्याचा हंडा’ असे लिहिले तर हंडा सापडे, ‘हंडा तांबा’ किंवा रोमन लिपीत लिहिले तर ‘काहीही सापडले नाही’ एवढेच कोरडे उत्तर येई. आता प्रत्येक भांड्याला त्याची लोक वापरतात ती सर्व नावे आणि लेखनभेद जोडले आहेत.

त्यानंतर वेगाचा विषय घेतला. मोबाइलवर माणसे थांबत नव्हती याचे सर्वांत मोठे कारण असे की त्यांना थांबण्यासारखे काही दिसेपर्यंतच फार वेळ जात होता. पान उघडल्यावर त्यातला सर्वांत मोठा दृश्य भाग, म्हणजे बहुधा मुख्य छायाचित्र, अडीच सेकंदांच्या आत दिसावे, आणि हे चारपैकी किमान तीन भेटींत साधावे, असा गूगलचा निकष आहे. आमच्या मुख्य पानावर आपोआप सरकणारी पाच छायाचित्रे होती. ती चांगल्या कॅमेऱ्याने काढलेली होती आणि कॅमेऱ्यातून निघाली तशीच चढवलेली होती. एकेकाची रुंदी ६००० पिक्सेल आणि वजन पाच-सहा एमबी. मोबाइलच्या पडद्याला त्याच्या एका लहानशा हिश्श्याइतकीच रुंदी लागते, उरलेला सगळा भार ग्राहकाच्या डेटातून विनाकारण उतरतो. त्यातून जुन्या बाजारातल्या जाड भिंतींच्या वाड्यांत मोबाइलचे सिग्नल यथातथाच असते. दुकानातल्या कामगाराच्या साध्या फोनवर पान उघडून पाहिले, तेव्हा पांढऱ्या पडद्याकडे पाहत आम्ही चहा संपवला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

छायाचित्रे लहान करून वेब-पी या हलक्या चित्र-प्रकारात बदलली आणि मोबाइलसाठी लहान, संगणकासाठी मोठे अशा दोन-तीन आकारांत ठेवली, म्हणजे ब्राउझर आपल्याला लागेल ते उचलतो. पण तांब्याच्या बाबतीत एक पथ्य पाळावे लागले. छायाचित्र अति दाबले की चकाकीच्या जागी पट्टे दिसू लागतात आणि ठोके, म्हणजे तांबट कारागिराने हातोडीने पाडलेली नक्षी, पुसट होते. ठोक्याच्या भांड्याची जास्तीची किंमत ग्राहक त्या नक्षीसाठीच देतो. म्हणून यादीतली छायाचित्रे हलकी केली आणि भांड्याच्या स्वतंत्र पानावरचे जवळून घेतलेले एक छायाचित्र त्या मानाने जड राहू दिले. खाली असलेली चित्रे सरकत जाऊ तशीच उतरावीत, अशी सोय केली. मात्र ती सोय सर्वांत वरच्या चित्राला लावायची नसते, नाहीतर जे आधी दिसायला हवे तेच उशिरा दिसते. पूर्वीच्या मांडणीत नेमके तेच केलेले होते.

सरकत्या छायाचित्रांची ती पट्टी मी काढूनच टाकली. दुसऱ्या चित्रापर्यंत कोणी थांबत नव्हते, आणि एखादा तिसरे चित्र पाहून त्याला स्पर्श करायला जाई तोवर तिथे चौथे आलेले असे. काकांना याचे वाईट वाटले, कारण त्या पाचांपैकी एक चित्र आजोबांच्या काळातल्या दुकानाचे होते. ते आता ‘आमच्याविषयी’ या पानावर आहे आणि तेथे ते निवांत पाहता येते. पार्श्वभूमीला सनईसह आपोआप चालणारी एक चित्रफीतही होती. क्रोमने २०१८ पासून आवाजासह आपोआप चालणाऱ्या चित्रफितींना आवर घातला आहे, त्यामुळे सनई बहुतेकांना ऐकूच येत नव्हती. मात्र मुकी चित्रफीत मुकाट्याने डेटा खात होती. तीही गेली.

वेगाशीच संबंधित आणखी एक दोष होता. छायाचित्रांची लांबी-रुंदी पानाच्या सांगाड्यात आधी सांगितलेली नव्हती. त्यामुळे मजकूर आधी येई, मग एकेक चित्र येऊन तो खाली ढकलत जाई. मावसबहीण ‘तपशील पाहा’ या बटणावर बोट टेकवणार इतक्यात वर चित्र उतरले, बटण खाली घसरले आणि बोट भलत्याच जाहिरातीवर पडले. ती शांतपणे म्हणाली, “हे असं झालं की मी बंद करते.” चित्रांची मापे लिहून ठेवली की ब्राउझर तेवढी जागा आधीच राखून ठेवतो. हे काम कंटाळवाणे होते, अवघड नव्हते.

पॉप-अपचा, म्हणजे पानावर आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र दादाशी खरा वाद झाला. पान उघडताच एकामागून एक अशा मागण्या येत : सूचना पाठवायची परवानगी, ई-मेल पत्ता, फिरवून सवलत जिंकायचे चक्र, आणि कोपऱ्यात ‘मी काय मदत करू?’ असे विचारणारा फुगा. दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधीच चार नोकरांनी आडवे येऊन नाव-गाव विचारावे, तसा हा प्रकार होता. मोबाइलवर मूळ मजकूर झाकून टाकणाऱ्या अशा पडद्यांमुळे शोधातील स्थान घसरू शकते, असे गूगलने जानेवारी २०१७ पासून लागू केले आहे. दादाचे म्हणणे असे की चक्रामुळे ई-मेल पत्ते मिळतात. ते मिळत होते हे खरे. पण यादी उघडून पाहिली तर त्यांतले बरेचसे पत्ते उघडच खोटे होते, सुटका करून घेण्यासाठी काहीतरी टाकलेले. उपाहारगृहाच्या तरुणाला तर ती खिडकी बंदच करता येईना, कारण बंद करण्याची फुली त्याच्या लहान पडद्याच्या बाहेर गेली होती.

त्याहून गंभीर एक गोष्ट त्या खिडकीत होती. तांब्यातील पाणी पिण्याचे फायदे सांगून खाली दोन बटणे दिली होती. एकावर ‘हो, मला सवलत हवी’ आणि दुसऱ्यावर ‘नको, मला आरोग्याची पर्वा नाही’. नकार देणाऱ्याला ओशाळवाणे करण्याची ही युक्ती भारतात आता नियमबाह्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अशा १३ प्रकारांची नोंद आहे. खोटी घाई निर्माण करणे हाही त्यांतलाच एक प्रकार. आमच्या संकेतस्थळावर ‘फक्त २ नग शिल्लक’ असा लाल मजकूर आणि उलटे मोजणारे घड्याळ होते. पान पुन्हा उघडले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. निवृत्त शिक्षकांनी ते ताबडतोब हेरले. “हे घड्याळ खोटं आहे, मग वजनही खोटं असेल,” असे ते सहज बोलून गेले, आणि ते वाक्य मी जसेच्या तसे काकांना सांगितले. वजनावर संशय घेणे हे भांड्याच्या व्यापाऱ्याला किती झोंबते हे सांगायला नको. त्याच संध्याकाळी चक्र, घड्याळ आणि ती बटणे काढून टाकण्याची आज्ञा गल्ल्यावरून झाली, आणि मला पुढे काहीही पटवून द्यावे लागले नाही.

मराठी मजकुराची अवस्था हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग होता, आणि तो आपल्याकडच्या असंख्य संकेतस्थळांवर तसाच आहे. शीर्षकांना ‘ऐसपैस’ रूप देण्यासाठी अक्षरांमधील अंतर वाढवले होते. रोमन लिपीत ते शोभते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विसकटून पडतो. ओळींमधील अंतर इंग्रजी मजकुराच्या हिशेबाने ठेवलेले असल्यामुळे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा, रफार एकमेकांत घुसत होते. काही पाने युनिकोड, म्हणजे सर्व उपकरणांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची संकेतप्रणाली, येण्यापूर्वीच्या जुन्या टंकात लिहिलेल्या मजकुरावरून उचललेली होती. तो टंक ज्याच्या फोनमध्ये नाही त्याला तेथे निरर्थक रोमन अक्षरे दिसत. जिथे हे लक्षात आले होते तिथे कोणीतरी मजकुराचे चित्र करून चिकटवले होते. चित्रातला मजकूर मोठा केला की धूसर होतो, गूगलला भरवशाने सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचे वाचन-सॉफ्टवेअर तेथे मुके होते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केला. काकूने त्यातला बराच भाग केला, आणि करता करता मूळ मजकुरातल्या चुकाही काढल्या.

पानाच्या सांगाड्यात भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदवलेली होती. ती ‘मराठी’ केल्यावर दोन फरक पडले : फोनमधील वाचन-सोय मजकूर मराठी उच्चारांत वाचू लागली, आणि ज्या टंकांत मराठी वळणाच्या ल आणि श यांची सोय आहे तेथे ती वळणे दिसू लागली. दुसरा फरक बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. निवृत्त शिक्षकांच्या आला. रंगांचा प्रश्न वेगळा होता. साय-रंगाच्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरे होती, तांब्या-पितळेला साजेशी म्हणून. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा वेबच्या सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. आमचे प्रमाण अडीचास एकही भरत नव्हते. बंद खोलीत उजेडाच्या पडद्यावर ते सुंदर दिसे. मेन रोडवर उन्हात उभे राहून पाहिले तर कोरे पान दिसे. सोनेरी रंग कडांपुरता ठेवला आणि अक्षरे गडद तपकिरी केली.

किमतींवरून घरात जे झाले त्याला वादापेक्षा वाटाघाटी म्हणणे योग्य होईल. प्रत्येक भांड्याखाली ‘किमतीसाठी संपर्क साधा’ असे लिहिलेले होते. चाचणीतल्या प्रत्येकाने किंमत शोधली आणि न मिळाल्यावर चेहरा पाडला. मावसबहिणीने तर ‘म्हणजे महाग असणार’ असे मनाशी ठरवूनही टाकले. काकांची बाजू मात्र चुकीची नव्हती. तांब्याचा भाव बदलत राहतो, भांडे वजनावर विकले जाते, हाताने घडवलेल्या दोन हंड्यांचे वजन सारखे नसते, आणि छापलेल्या किमतीवर अडून बसणारे गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेले आहे. शिवाय शेजारच्या दुकानाला आपला भाव कळू नये, ही जुनी भावना होतीच. दुकानात येणाऱ्याला ते जे तोंडी सांगतात तेच पानावर लिहायचे, यावर अखेर एकमत झाले : भांड्याचे अंदाजे वजन, आजचा किलोचा भाव, मजुरी, आणि सर्व कर धरून होणारी एकूण रक्कम, शेजारी भाव कोणत्या तारखेचा आहे ती तारीख. भाव एकाच ठिकाणी बदलला की सगळ्या पानांवरच्या रकमा बदलतात. ठोक्याच्या आणि साध्या भांड्यांची मजुरी वेगळी दाखवली, त्यामुळे ‘हे त्याच्यापेक्षा महाग का?’ या प्रश्नाचे उत्तर पानावरच मिळते.

किमतीखेरीज ग्राहकाला आणखी काय हवे असते ते फोनवर आलेल्या प्रश्नांवरूनच ठरवले. किती लिटर पाणी मावते, आतून कल्हई आहे का, चिंच-दह्याचे पदार्थ चालतील का, वजन झाकणासह आहे की झाकणाशिवाय. एकट्या ठेवलेल्या कळशीच्या छायाचित्रावरून तिच्या आकाराचा अंदाज येत नाही, म्हणून प्रत्येक भांड्याचे एक छायाचित्र काकूच्या हातात किंवा कडेवर घेऊन काढले. कंबरेवर कळशी घेतलेल्या काकूचे छायाचित्र हे आता संकेतस्थळावर सर्वांत जास्त मोठे करून पाहिले जाणारे चित्र आहे, आणि तिला ते मुळीच आवडलेले नाही.

पत्त्याच्या पानावरच्या गळतीचे मूळ पत्त्यात नव्हते, त्याच्या आगेमागे होते. खरेदीसाठी आधी खाते उघडावे लागे, त्यासाठी पासवर्ड आणि ओटीपी. मग लांबलचक अर्ज. आणि तो भरून झाल्यावर वाहतुकीचा खर्च पहिल्यांदा दिसे. तांब्याच्या बंबाचा किंवा मोठ्या हंड्याचा वाहतूक-खर्च किरकोळ नसतो. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या आकड्यांनुसार कार्टमध्ये टाकलेल्या खरेद्यांपैकी सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास अर्धवट सोडल्या जातात, आणि त्यामागच्या कारणांत वरून लागणारा जास्तीचा खर्च सर्वांत वर आहे. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही विक्रेत्याने एकूण रक्कम एका आकड्यात आणि तिची फोड दाखवणे बंधनकारक केले आहे. आता भांड्याच्या पानावरच पिनकोडचा चौकोन आहे. सहा आकडे टाकले की वाहतुकीसह रक्कम दिसते. खाते न उघडता खरेदी करता येते. अर्जातून जन्मतारीख, लिंग, दुसरा फोन असे सगळे गेले. पिनकोड आणि फोन या रकान्यांत बोट ठेवले की आकड्यांचाच कळफलक उघडतो, आणि एखादी चूक झाली तर तेवढीच दाखवली जाते, भरलेला अर्ज पुसला जात नाही. पूर्वी तो पुसला जाई, आणि गुरुजींनी तेथेच फोन खाली ठेवला होता.

पैसे भरण्याच्या पानावर यूपीआयसाठी क्यूआर कोड होता. मोबाइलवरच खरेदी करणाऱ्याने त्याच मोबाइलच्या पडद्यावरचा कोड कशाने टिपायचा? हा प्रश्न विचारल्यावर दादा मोठ्याने हसला, कारण त्याने स्वतः नेहमी संगणकावर कोड उघडून मोबाइलने टिपून पाहिले होते आणि सगळे व्यवस्थित चालत होते. मोबाइलवर आता थेट यूपीआय अ‍ॅप उघडणारे बटण आहे. कोड फक्त संगणकाच्या पडद्यावर दिसतो.

विश्वासाशी संबंधित दुरुस्त्या लहान होत्या, त्या झटपट उरकल्या. सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपलेली असल्यामुळे ब्राउझर आधीच धोक्याचा इशारा दाखवत होता. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे विनामूल्य प्रमाणपत्र घेऊन त्याचे नूतनीकरण आपोआप होईल असे केले. गतवर्षांतल्या दिवाळी-सवलतीची पाटी काढली. न उघडणारे दुवे दुरुस्त केले. फोन नंबर चित्रात होता, तो स्पर्श करताच फोन लागेल असा मजकूर केला.

पत्त्यावर मात्र थोडा वेळ घालवला. ‘भारतभर सेवा’ असे मोठ्या अक्षरांत होते, पण दुकान कोठे आहे ते तळाशी बारीक अक्षरांत, तेही केवळ गाळा क्रमांकासह. जुन्या नाशकात गाळा क्रमांकावरून कोणी दुकान शोधत नाही. रविवार कारंजावरून कसे यायचे, रामकुंडावरून पायी कसे यायचे, चारचाकी आत येत नाही म्हणून ती कोठे लावायची, कोणत्या वारी बंद असते, हे सगळे नकाशाच्या वर लिहिले. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की बाजाराच्या या भागात पाणी शिरते. अशा दिवशी ‘आज दुकान बंद’ ही ओळ फोनवरून टाकता येईल अशी सोय केली. २०२७ च्या सिंहस्थासाठी बाहेरगावचे भाविक मोठ्या संख्येने येतील, आणि त्यांतले पुष्कळ जण गंगाजळासाठी तांब्याचा गडू घ्यायला आधी मोबाइलवरच दुकान शोधतील, हा हिशेब काकांनीच केला.

सर्व बदल एकदम केले नाहीत. एक बदल करायचा, काही दिवस आकडे पाहायचे, मग पुढचा, असा क्रम ठेवला, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. दादाला ही चाल संथ वाटली. त्याला एका रविवारी सगळे बदलून मोकळे व्हायचे होते. मोबाइलवरची गळती विभागांची नावे आणि वेग सुधारल्यावर स्पष्टपणे उतरली. पॉप-अप काढल्यावर ई-मेल पत्ते जवळपास थांबले आणि विक्रीवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. रंग बदलल्याचा आकड्यांत काही फरक दिसला नाही, तरीही तो बदल मी मागे घेणार नाही, कारण उन्हात वाचता न येणारा मजकूर योग्य ठरवायला आकडे लागत नाहीत. घाऊक ग्राहकांच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही. उपाहारगृहाचा तो तरुण आजही थेट काकांना फोन करतो. बदल झाला तो फोनवरच्या प्रश्नांत. पूर्वी दिवसभर ‘किंमत काय?’ हे सांगण्यात काकांचा घसा बसे. आता फोन येतो तो ‘जुन्या पातेल्याला कल्हई करून द्याल का?’ असा, आणि त्याचे उत्तर देताना ते खुर्चीत सरसावून बसतात.

भाव बदलण्याचे काम दादाकडे आहे आणि तारीख शिळी झाली की पानावर ‘भाव जुना आहे, फोन करा’ अशी ओळ आपोआप येते. ही सोय त्याच्या विस्मरणाची परीक्षा घेऊनच बसवावी लागली. दिवाळीला चक्र परत आणण्याचा त्याचा आग्रह आहे. खिडकी न उघडता, पानाच्या मजकुरातच सवलतीची एक पट्टी ठेवण्यापर्यंत तो सध्या उतरला आहे. सिंहस्थाआधी हिंदी आणि गुजराती आवृत्ती करायची आहे. यंत्राने केलेला अनुवाद करून पाहिला तर घंगाळे आणि परात या दोघांनाही एकच नाव मिळाले, म्हणून तो बाजूला ठेवला. इंदूर आणि सुरतेचे ग्राहक फोनवर कोणत्या भांड्याला काय म्हणतात ते काकू एका वहीत उतरवत आहे. ती यादी पुरी झाली की विभागांची नावे त्यावरून ठरतील.